बाबांच्या हातचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची पद्धत. माझी अडचण एवढीच होती की माहेरी आई नव्हती. मी बारावीत असताना ती गेली. त्यानंतर वलवणच्या घरात मी आणि बाबा, आणि माझं लग्न झाल्यावर एकटे बाबा. त्यामुळे मला सातवा महिना लागला तशी नातेवाइकांत चर्चा सुरू झाली की हिचं करायचं कुणी. चुलतीनं आपल्याला पाठदुखी असल्याचं आधीच जाहीर करून टाकलं. मावशी तिच्याच सुनेच्या बाळंतपणात अडकलेली. माझं सासर आंबीचं, शेतकरी घर, सासूबाई धडधाकट, गोठ्यात दोन दुभत्या म्हशी. सगळ्यांचं मत पडलं की पोरीनं सासरीच राहावं. "आईविना कसलं आलंय माहेर," चुलती म्हणाली. वाईट मनानं नाही म्हणाली, पण बाबांच्या समोर म्हणाली.

बाबा लसूण सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मी करीन."

"काय कराल?"

"बाळंतपण."

चुलती हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस जात नाही. नवरासुद्धा दारातून डोकावतो, बाळ बघतो आणि कुणीतरी हाकललं की जातो. बाबांनी स्वतः मला बारशाच्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं होतं. त्याआधीचे बारा दिवस ते उंबऱ्याच्या अलीकडून "सगळं ठीक ना?" एवढंच विचारायचे आणि आतून कुणीतरी "हो" म्हणायचं. बाळंतपणाबद्दल त्यांना होती ती माहिती एवढीच. आता त्या उंबऱ्याच्या आत ते एकटे असणार होते.

हसून झाल्यावर मात्र मी विचार करायला लागले. आंबीला राहिले असते तर माझं काही अडलं नसतं. सासू माझी चांगली आहे. पण मी तिथं राहिले असते, तर आई गेली तसं माहेरही गेलं, हे सगळ्यांच्या देखत ठरलं असतं. बाबांना तेच नको होतं. आणि मला कळलं की मलाही ते नको होतं.

बाबा लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात तीसेक वर्षं भट्टीवर होते. गुळाचा पाक बघणं हे त्यांचं काम. हातांवर कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे पांढरे डाग आहेत. नवव्या महिन्यात ते इस्त्रीचा शर्ट घालून मला न्यायला आंबीला आले, तेव्हा सासूबाईंनी त्यांची तोंडी परीक्षाच घेतली. मी सासूबाईंना आत्या म्हणते, आमच्या भागात तशी रीत आहे. आणि आंबीच्या बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात.

"इवाई, शेक-शेगडी कोन करनार?"

"मी."

"आन आंघुळीला?"

"मालिशवाली बाई ठरवलीय, गावातलीच. रोज सकाळी येईल."

"पथ्यपानी?"

"तेही मीच."

आत्यांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, आता ह्या नाही म्हणणार. पण म्हणाल्या, "न्या. पर सव्वा म्हैना पुरा करून धाडा. आर्धवट न्हाई चालायचं." बाबांनी मान डोलावली, आणि परत येताना रिक्षात मला तीनदा विचारलं की सव्वा महिना म्हणजे नेमके किती दिवस.

तयारी त्यांनी दणक्यात केली. बाळाची दुपटी म्हणून आईची जुनी सुती लुगडी फाडली, उकळत्या पाण्यात धुतली आणि घड्या अशा घातल्या की दुकानात ठेवाव्यात. शेजारपाजारच्या चार बायकांना विचारून डिंकाच्या लाडवांचं साहित्य आणलं. आणि तिथंच घोळ झाला. डिंकाच्या लाडवाला गूळ नुसता विरघळवायचा असतो, पाक चढू द्यायचा नसतो. हे त्या चारही बायकांनी सांगितलं नाही, कारण ते सांगावं लागतं असं त्यांना वाटलंच नाही. बाबांनी आयुष्यभर जे केलं ते केलं. पाण्यात थेंब टाकला, तो कट्‌ करून मोडला, मग खूश होऊन त्यात डिंक, खारीक, खोबरं सगळं ओतलं. वळायला जातात तर वळेना. मग सवयीनं पाटावर तूप लावून थापलं, लाटलं आणि सुरीनं चौकोन पाडले.

मी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी मुलीला घेऊन घरी आले, तेव्हा बशीत ती डिंकाची चिक्की माझी वाट बघत होती. दिसायला नंबर एक होती. चावायला गेले तर दाढेतून कळ आली. बाळंतिणीनं टणक काही चावू नये हे जगजाहीर, आणि माझ्या बापानं तिच्यासाठी दगडाच्या वड्या पाडलेल्या. मी म्हटलं, "बाबा, ही खायची का घराच्या पायात घालायची?" ते ओशाळले. बशी उचलून घेऊन गेले आणि दुपारभर मागच्या ओट्यावर खलबत्त्याचा ठाणठाण आवाज येत राहिला. संध्याकाळी मला वाटीभर कूट आणि गरम दूध मिळालं. सव्वा महिना मी डिंकाचे लाडू चमच्यानं खाल्ले.

शेगडीच्या बाबतीत मात्र त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं. दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं होतं की बाळाला धूर नको. इतर घरांत यावरून सासवासुनांची जुंपते. बाबांनी वाद घातला नाही. ते बाहेर अंगणात कोळसे पेटवायचे, निखारा लाल होऊन वर राखेचा पापुद्रा आला की मगच शेगडी आत आणायचे, खिडकी उघडी ठेवायचे आणि ऊब लागली की लगेच बाहेर. बाजेखाली शेगडी किती आत सरकवायची हे ते बाजेवर तळहात ठेवून ठरवायचे. मला एकदाही चटका बसला नाही. कधी गार वाटलं असंही झालं नाही. ज्या माणसानं भट्टीसमोर उन्हाळे काढले, त्याला पोरीच्या कमरेला किती धग हवी हे बरोबर कळत होतं.

आत येताना ते दारात खाकरायचे. मी बाळाला पाजत असले तर भिंतीकडे तोंड करून वाटी ठेवायचे आणि भिंतीकडेच तोंड करून विचारायचे, "मीठ बरोबर आहे का?" मीही दुपट्यात तोंड खुपसून "हो" म्हणायचे. आमचं असं ठरलेलं नव्हतं, आपोआप तसं झालं. बाकीचं सगळं बघायला मालिशवाली बाई होती. ती सकाळी यायची, मला तेलानं रगडायची, बाळाला लांब केलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आणि जाताना बायकांनी विचारायचे ते सगळे प्रश्न मोठ्यानं विचारून जायची. बाबा त्या वेळी नळावर भांडी घासत बसायचे आणि भांड्यांचा आवाज मुद्दाम जरा जास्त करायचे.

सहाव्या दिवशी बाई आली नाही. तिच्याच सुनेला आदल्या दिवशी कळा सुरू झाल्या होत्या, मुलगा झाला होता. त्यांना सोयर आलं आणि बाई घरात अडकली ती अडकलीच. तिनं निरोप पाठवला की दुसरी कुणी बघा. दुसरी कुणी मिळेना. गावात ते काम करणाऱ्या बायका आता राहिल्यात किती.

मी म्हटलं, आता बाबांचं अवसान गळणार. बाबांनी दार लावलं, पाट घेतला, धोतर नेसले (हे मला नंतर कळलं की शेजारच्या आजोबांकडून मागून आणलं होतं, पँटवर पाय लांब करता येईनात) आणि पाय पसरून बसले. "दे तिला," म्हणाले. आदले दोन-तीन दिवस ते नळावर नुसती भांडी घासत नव्हते, दाराच्या फटीतून त्या बाईचे हात बघत होते. तेल कसं जिरवते, मान कुठं धरते, पाणी कुठल्या बाजूनं सोडते. माझ्या मुलीला त्यांनी त्या डागाळलेल्या हातांत असं धरलं की तिला रडायचं सुचलंच नाही. पाणी अंगावर घ्यायच्या आधी ते कोपर बुडवून बघायचे. मी उशीला टेकून बघत होते आणि माझ्या मनात आलं, हा माणूस माझ्या वेळी बारा दिवस उंबऱ्याबाहेर कशाला उभा राहिला. किती वाया गेलं ते. मला त्या दिवशी बाबांचा इतका अभिमान वाटला की मी नवऱ्याला फोन करून तासभर तेच सांगत बसले.

दुखायला लागलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी.

उजव्या बाजूला छाती कडक झाली. आधी नुसती जड वाटली, मग हाताला गाठ लागायला लागली, मग कापडाचा स्पर्शही सोसवेना. बाळाला त्या बाजूला घेतलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. मी डाव्या बाजूलाच पाजायला लागले. तिचं पोट भरेना, ती किरकिर करायची. दुपारी अंगात कणकण भरली.

आता शहाण्या बाईनं काय करावं? घरातल्या मोठ्या माणसाला सांगावं आणि दवाखान्यात जावं. मी तळेगावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. शरीराची चित्रं फळ्यावर काढते, भागांना नावं देते, फिदीफिदी हसणाऱ्यांना बाकावर उभं करते. पण घरातलं मोठं माणूस म्हणजे बाबा, आणि बाबांना हे सांगायचं कुठल्या शब्दांत? मी मनात वाक्यं जुळवून बघितली. एकही तोंडातून बाहेर पडेना.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो वराळ्याच्या बाजूला एका कारखान्यात पाळीनं कामाला आहे, मशिनच्या आवाजात बोलत होता. "अगं मग बाबांना सांग ना," तो म्हणाला. इतका सोपा सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी चिडून फोन ठेवला. ठेवायच्या आधी त्याला शपथ घातली की आत्यांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही.

कारण आत्यांना कळलं असतं तर त्या निघून आल्या असत्या आणि मला आंबीला घेऊन गेल्या असत्या. त्यांचं काही चुकलं नसतं. पण चुलतीचं म्हणणं खरं ठरलं असतं. बाबांनी तोवर जे जे केलं, ती दुपटी, ती शेगडी, ते पाय पसरून बसणं, ते सगळं लोकांच्या बोलण्यात एका वाक्यात निकालात निघालं असतं: शेवटी बाईमाणूस लागतंच. म्हणून मी दात आवळून अंगावर काढलं. माझ्या हट्टाची मला तेव्हा मोठी फुशारकी वाटत होती. आता लाज वाटते, कारण त्या हट्टात माझी लेक उपाशी राहत होती.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा भिंतीकडे तोंड करून खिरीची वाटी ठेवायला आले. आदल्या दिवशीची वाटी तशीच होती. ते थांबले. मागं न वळता म्हणाले, "तिला एकाच कुशीवर का घेतेस?"

मी दुपटं वर ओढून घेतलं.

"ताप आहे का?"

"थोडा."

ते उभेच राहिले. त्यांची पाठ मला दिसत होती, मान लाल झालेली. त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलंय. खोलीत दोन जाणती, एकमेकांवर जीव टाकणारी माणसं होती आणि मधला एक प्रश्न दोघांनाही उचलवत नव्हता. मग ते बाहेर गेले. मागच्या नळाजवळून त्यांचा आवाज आला. फोनवर ते नेहमीच मोठ्यानं बोलतात.

"विहीणबाई, मी कमी पडलो," ते म्हणाले. "पोरीला काहीतरी होतंय. मला कळतंय पण विचारता येत नाही हो. तुम्ही या."

मी तोंडावर दुपटं घेऊन रडले. बाबांना कुणाही पुढे असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. कारखान्यात मालकाशी भांडून दोनदा काम सोडून आलेला माणूस तो. मी त्यांचा शब्द राखायला दोन दिवस कळा काढल्या, आणि त्यांनी माझ्यासाठी तो शब्द एका फोनमध्ये खाली ठेवला.

आत्या दुपारच्या आत आल्या. नवरा पाळी संपवून थेट घरी गेला होता, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या, मांडीवर बाजरीच्या पिठाची पिशवी. विहिणीचा मान आमच्यात मोठा. तिला पाणी द्यावं, बसायला सतरंजी टाकावी, चार गोष्टी बोलाव्यात, मग कामाचं काढावं. बाबा तांब्या घेऊन उभे होते. आत्या त्यांच्या बाजूनं सरळ आत आल्या, दार ओढून घेतलं आणि मला म्हणाल्या, "दाव."

मी दाखवलं. त्यांनी चुकचुक केली नाही. गरम पाण्यात फडकं बुडवून शेकलं, हातानं हळूहळू गाठ मोकळी केली, बाळाला दुखऱ्या बाजूलाच लावलं आणि मी ओरडले तेव्हा माझं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं. "वरड," म्हणाल्या, "पर पाजनं सोडू नगंस." मग विचारलं, "दोन दिस कुनाची लाज धरली व्हतीस?" मी म्हटलं, बाबांची. त्या म्हणाल्या, "आन पोरीची भूक?" तासाभरानं त्याच मला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी औषधं दिली आणि सांगितलं की आणखी एक दिवस थांबला असता तर चिरा द्यावा लागला असता.

परत आलो तर बाहेरच्या खोलीत माझी बॅग भरून ठेवलेली. वर बाळाच्या दुपट्यांच्या त्या दुकानासारख्या घड्या. बाबा शेजारी उभे होते.

"ही कुटं निगाली?" आत्यांनी विचारलं.

"तुमच्याकडं."

"सव्वा म्हैना झाला व्हय?"

"नाही," बाबा म्हणाले. "आज नववा दिवस."

"मग ठिवा ती पिशवी जाग्यावर. मी काय सांगितलं व्हतं, आर्धवट न्हाई."

बाबांनी बॅग उचलली, आत नेली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आत्यांनी तोवर चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, मोर्चा वळवला. डबे उघडून बघितले. लाडवाचं कूट चाखलं, हसल्या, "इवायांनी पाक चढवला जनू," एवढंच म्हणाल्या. शेगडी बघितली आणि त्यांनी जी मान हलवली, ती मी त्यांना शेतातल्या चांगल्या कामाकडे बघून हलवताना पाहिलीय.

संध्याकाळी त्यांनी बाबांना खोलीत बोलावून घेतलं, स्टुलावर बसवलं, माझ्यासमोर. "इवाई, इचारायचं आस्तं," त्या म्हणाल्या.

"काय विचारायचं?"

"समदं. अंगावरचं जातंय का, टाक्यं दुखत्यात का, दूध उतरतंय का. बाया काय वेगळं करत न्हाईत. हात तुमचं माज्यापरीस चांगलं हायती. बाया इचारत्यात, तेवडाच फरक."

बाबा खिडकीकडे बघत राहिले. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "माझ्याच्यानं नाही होणार ते." आत्यांनी जोर केला नाही. मग तिघांत तडजोड निघाली. बाबांनी रोज सकाळ-संध्याकाळ विचारायचं, "अंग कसं आहे?" आणि मी "बरं आहे" म्हणून वाटेला न लावता खरं सांगायचं. कुठं दुखतंय ते नाही सांगता आलं तर "बरं नाही" म्हणायचं, आणि बाबांनी पुढचं न विचारता आंबीला फोन करायचा. आत्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

त्या बारशापर्यंत राहिल्या. एकट्या व्याह्याच्या घरी विहीण मुक्कामाला, म्हणून गल्लीत कुजबुज झालीच. आत्यांच्या कानावर ती गेली असणार, पण त्यांनी नळावर उभं राहून माझी धुणी वाळत घातली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून हाक मारून पाऊसपाणी विचारलं. मला आत्या आधी आवडायच्या. त्या तीन दिवसांनंतर मी त्यांना मानायला लागले.

बारशाला चुलती आली, पाठदुखी घरी ठेवून. पाळण्याला फुलं बांधताना आत्यांना म्हणाली, "शेवटी यावं लागलंच ना तुम्हाला."

"मी बारशाला आलीय," आत्या म्हणाल्या. "दोन दिस आदी आलं तर काय बिगडलं? समदं इवायांनी केलंय. जेवायला बसली तेवडी मी."

बाबा पानं वाढत होते. त्यांनी ऐकलं, आणि ते वाढायचं सोडून पुन्हा मागच्या ओट्यावर गेले. चुलतीला वाटलं मीठ आणायला गेले.

पुढचे दिवस नीट गेले. सकाळ-संध्याकाळ "अंग कसं आहे?" आणि मी खरं सांगत गेले. एकदा "बरं नाही" म्हटलं, आंबीला फोन झाला, आत्यांनी फोनवरच उपाय सांगितला. मुलगी बाळसं धरायला लागली. सव्वा महिना पुरा झाल्यावर बाबा आम्हाला दोघींना आंबीला सोडायला आले. आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाला खाली-वर उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि "व्हय" म्हणाल्या. बाबांनी परीक्षा पास झालेल्या पोरासारखा श्वास सोडला.

हे सगळं मी लिहीत बसले ते गेल्या पावसाळ्यामुळे. माझी नणंद पहिल्या खेपेला आंबीला आली होती, आणि तिचे दिवस भरत आले असताना आत्या गोठ्यात घसरून पडल्या. उजवा हात मनगटात मोडला, प्लॅस्टर बसलं. मला शाळेची रजा मिळेना, अर्धा दिवस तरी जावंच लागे. भावकीतल्या बायकांची लावणी चालू. मला वाटलं, आत्या आता नणंदेच्या सासरी निरोप धाडणार. त्यांनी डाव्या हातानं फोन लावला तो वलवणला.

"इवाई, मला हात न्हाई, हिला शाळा हाय. तुमी या."

बाबांनी आढेवेढे घेतले. परक्याची लेक, शेतकरी घर, गावात लोक काय म्हणतील. आत्या म्हणाल्या, "गावाला मी बगते." आणि बाबा आले, पिशवीत स्वतःचं धोतर घेऊन. व्याही येऊन लेकीच्या नणंदेचं बाळंतपण करतोय, असं आंबीनं कधी पाहिलं नव्हतं. पहिले दोन दिवस बायका काही ना काही निमित्त काढून बघायला येत होत्या. बाबा पाय पसरून बाळाला न्हाऊ घालायचे आणि आत्या प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन शेजारी बसायच्या, कुणाची हसायची टाप नव्हती.

नणंद घरी आल्याच्या चौथ्या दिवशी मी शाळेतून आले. पायरीवर चपला काढत होते. आतून बाबांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा. मी खिडकीतून बघितलं. ते स्टूल ओढून बाजेसमोर बसले होते. भिंतीकडे नाही, तिच्याकडे तोंड करून.

"पोरी, छातीत ठणका आहे का?" ते विचारत होते. "गाठ लागते का हाताला? कुठल्या बाजूला? दूध अडलं की तसं होतं. लगेच शेकलं की मोकळं होतं, अंगावर काढलं की चिघळतं. लाजू नकोस. माझ्या पोरीला मी हे विचारू शकलो नाही. दोन दिवस तिनं तळमळून काढले, माझ्या लाजेपायी. ते अजून मला जेवताना आठवतं."

नणंद मान खाली घालून बसली होती. मग हळूच म्हणाली, "डावीकडं, बाबा. कालपासनं."

"बरं झालं सांगितलंस. तुझी वहिनी येईलच एवढ्यात, ती शेकून देईल. मी पाणी तापवतो."

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. हे इतकं सोपं होतं, तर मला का नाही विचारलंत? मग पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मी आत गेले. बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हटलं, "बाबा, माझीही उजवी बाजू दुखत होती."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी नजर हलवली नाही.